आग्या, फुलोरी, सातेरीला शास्त्रात नाव देणारे फॅब्रिशियस

जयंती विशेष

धडगाव : जानेवारी लागला की सातपुड्यातल्या आंब्यांना मोहर फुटायला लागतो. त्यानंतर महू फुलतो. या दोन-तीन महिन्यांत धडगाव तालुक्यातल्या दऱ्याखोऱ्यांत मधमाशांची वर्दळ वाढते. कड्याला नाहीतर उंच झाडाच्या फांदीला लटकलेलं आग्या मोहोळ, झुडपातलं पंजाएवढं फुलोरीचं पोळं आणि झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी. या तिन्ही माशा इथल्या माणसाला लहानपणापासून ओळखीच्या आहेत. मराठीत त्यांना नावं आहेत, पावरी आणि भिलोरी बोलीतही आपापली नावं आहेत.

मधमाशी पालनाच्या प्रशिक्षणाला गेलं की मात्र वेगळीच नावं कानावर पडतात. एपिस डॉर्साटा, एपिस फ्लोरिया, एपिस सेराना इंडिका. पुस्तकात पाहिलं तर बऱ्याच नावांच्या शेवटी फॅब्रिशियस असा आणखी एक शब्द छापलेला असतो. अनेकांना तो नावाचाच भाग वाटतो. पण ते एका माणसाचं आडनाव आहे. योहान ख्रिस्तियान फॅब्रिशियस हे त्यांचं पूर्ण नाव. 7 जानेवारी ही त्यांची जयंती. आपल्या तिन्ही माशांना शास्त्रातलं नाव त्यांनीच दिलं. यातल्या सातेरीच्या नावाचा वाद तर आज सव्वादोनशे वर्षांनंतरही मिटलेला नाही.

डॉक्टरांचा मुलगा, लिनिअस यांचा शिष्य

फॅब्रिशियस यांचा जन्म 1745 साली टोंडर गावी झाला. हे गाव आज डेन्मार्कमध्ये आहे. वडील डॉक्टर होते. शाळेनंतर 1762 साली ते कोपनहेगनला शिकायला गेले आणि त्याच वर्षी नात्यातल्या एका मित्राबरोबर स्वीडनमधल्या उपसाला गावी पोहोचले. तिथे कार्ल लिनिअस शिकवत होते.

झाडं आणि प्राणी यांना दोन शब्दांचं नाव देण्याची पद्धत लिनिअस यांनी रुळवली. ही पद्धत आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखी आहे. हजेरीपटावर आधी पावरा, वसावे, पाडवी असं आडनाव येतं आणि मग मुलाचं नाव. तसंच इथे. एपिस हे आडनाव, म्हणजे वंश. डॉर्साटा हे नाव, म्हणजे जात. एका आडनावाचे एकमेकांच्या जवळचे, एवढं त्यावरून कळतं.

फॅब्रिशियस दोन वर्षं लिनिअस यांच्याकडे राहिले. उन्हाळ्यात लिनिअस गावाबाहेरच्या घरी राहायला जायचे. तेव्हा फॅब्रिशियस आणि आणखी दोन विद्यार्थी जवळच एका घरात खोली घेऊन राहायचे. हिवाळ्यात गुरुजी पाईप ओढत त्यांच्याकडे यायचे. यायचे अर्ध्या तासासाठी, पण गप्पांत दोन तास कधी जायचे ते कळायचं नाही. फॅब्रिशियस यांना किड्यांचा नाद लागला तो याच काळात. तो आयुष्यभर सुटला नाही.

पंखांऐवजी तोंड

लिनिअस यांनी किड्यांची विभागणी मुख्यतः पंखांवरून केली होती. पंख किती, कसे, झाकलेले की उघडे. फॅब्रिशियस यांना हे पुरेसं वाटलं नाही. जो प्राणी जे खातो, जसं खातो, त्यावरच त्याचं जगणं ठरतं, असा त्यांचा विचार होता. म्हणून त्यांनी किड्यांची तोंडं तपासायला सुरुवात केली. कोणाला चावायचा जबडा आहे, कोणाला सोंड आहे, कोणाची जीभ लांब, कोणाची आखूड. भिंगाखाली एकेक किडा धरून ते बारीक अवयव पाहायचे.

काम किचकट होतं. किडा हातात घेऊन पंख मोजणं सोपं, तोंड उघडून पाहणं अवघड. तरी 1775 साली त्यांचं सिस्टेमा एंटोमोलॉजी हे पुस्तक आलं आणि कीटकशास्त्रात त्यांचं नाव झालं. लिनिअस यांनी सगळ्या प्रकारच्या मधमाशांना एपिस याच एका आडनावाखाली ठेवलं होतं. जमिनीत एकटी राहणारी माशीही एपिस आणि मोहोळ करणारीही एपिस. फॅब्रिशियस यांनी या गर्दीतून काही माशा वेगळ्या काढल्या. अँड्रिना हा वंश त्यांनी 1775 मध्ये आणि हायलिअस हा 1793 मध्ये मांडला. दोन्ही नावं आजही चालू आहेत.

दुसऱ्यांच्या कपाटातले किडे

1775 सालीच फॅब्रिशियस कील विद्यापीठात प्राध्यापक झाले. कील आज जर्मनीत आहे, तेव्हा तिथे डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती. त्यांना निसर्गशास्त्राबरोबर अर्थशास्त्रही शिकवायचं होतं. नेमणुकीच्या वेळी संग्रहालय आणि वनस्पती उद्यान उभं करता येईल, असं आश्वासन मिळालं होतं. ते तसं पूर्ण झालं नाही. पगारही बेताचाच होता. कंटाळून त्यांनी तीन वेळा राजीनामा द्यायचा प्रयत्न केला. एकदा तर विद्यार्थ्यांनीच विनवण्या करून त्यांना थांबवलं.

जगभरचे किडे पाहायचे तर ते हाती यायला हवेत. फॅब्रिशियस यांच्याकडे ना जहाज होतं, ना पैसा. मग त्यांनी वेगळा मार्ग धरला. सुट्टी लागली, विशेषतः उन्हाळ्यात, की ते लंडनला जायचे. तिथे जोसेफ बँक्स, ड्रू ड्रुरी अशा श्रीमंत संग्राहकांच्या घरी कपाटंच्या कपाटं भरून किडे ठेवलेले असायचे. जहाजावरचे खलाशी, डॉक्टर, व्यापारी ते आणून देत. फॅब्रिशियस त्या कपाटांपुढे बसायचे, टाचणीला टोचलेला एकेक किडा पाहायचे आणि दोन-चार ओळींत लॅटिन भाषेत त्याचं वर्णन लिहायचे. रंग कोणता, पट्टे कुठे, आला कुठून, कोणाच्या कपाटात आहे. झालं वर्णन, दिलं नाव, पुढचा किडा.

असं करत त्यांनी जवळपास 10,000 जातींना नावं दिली. त्यांच्या गुरूंनी नाव दिलेले किडे साधारण 3,000 होते. शिष्य गुरूच्या तिप्पट पुढे गेला.

तरंगमबाडीची वाट

भारतातले किडे त्यांच्यापर्यंत पोहोचले त्याला एक कारण होतं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी नावाचं गाव आहे. 1620 पासून 1845 पर्यंत ते डेन्मार्कच्या ताब्यात होतं. डॅनिश लोक त्याला ट्रांकेबार म्हणायचे. तिथे मिशनचे डॉक्टर म्हणून योहान गेर्हार्ड कोनिग आले होते. तेही लिनिअस यांचेच शिष्य. कोनिग आणि त्यांच्यानंतर डाल्डॉर्फ नावाचे डॅनिश लष्करी अधिकारी यांनी जमवलेले भारतातले अनेक किडे फॅब्रिशियस यांच्या पुस्तकांत आले.

1787 साली त्यांनी छोट्या मधमाशीला एपिस फ्लोरिया हे नाव दिलं. लॅटिनमध्ये याचा संबंध फुलाशी आहे. आपल्याकडे तिला फुलोरी म्हणतात. हा निव्वळ योगायोग, पण दोन्हीकडच्या माणसांना या माशीकडे पाहून फूलच आठवलं.

1793 साली मोठ्या माशीला एपिस डॉर्साटा हे नाव मिळालं. डॉर्सम म्हणजे पाठ. आपला शब्द आहे आग्या, कारण तिचा डंख आगीसारखा. नावात फरक का, ते उघड आहे. आपल्या लोकांनी नाव ठेवलं ते डंख खाऊन. फॅब्रिशियस यांच्यापुढे होती ती मेलेली, वाळलेली माशी. ती कड्याला लटकते, एकच मोठं उघडं पोळं करते, धूर दिला की उठते आणि चिडली की गावभर पाठलाग करते, हे टाचणीवरच्या माशीकडे पाहून कळणं शक्य नव्हतं. फॅब्रिशियस भारतात कधी आले नाहीत.

त्याच 1793 च्या पुस्तकात त्यांनी चीनमधून आलेल्या एका माशीला एपिस सेराना हे नाव दिलं. 1798 साली पुरवणी काढली, तेव्हा भारतातल्या तशाच एका माशीला एपिस इंडिका म्हटलं. ही आपली सातेरी. ढोलीत, बिळात राहणारी, एकाआड एक अनेक पोळी बांधणारी. सेराना आणि इंडिका या दोन वेगळ्या जाती आहेत, असं त्यांना वाटलं. पुढचा सगळा वाद इथूनच सुरू झाला.

जीव वाचवणारा किडा

मधमाशांचं वर्गीकरण पुढे नेणारे दुसरे मोठे नाव म्हणजे फ्रान्सचे पिएर लात्रेय. ते पाद्री होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत 1793 साली त्यांना पकडून बोर्दो इथे तुरुंगात टाकण्यात आलं. एके दिवशी तुरुंगात डॉक्टर तपासणीला आले. लात्रेय जमिनीवरचा एक बारीक किडा निरखत बसले होते. हा किडा दुर्मिळ आहे, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी तो किडा गावातल्या एका निसर्ग अभ्यासक तरुणाकडे नेला. त्या तरुणाला लात्रेय यांचं काम ठाऊक होतं. त्याने खटपट करून त्यांची सुटका करवली. बरोबरचे इतर कैदी मात्र वाचले नाहीत.

त्या किड्याला 1775 साली पहिलं नाव दिलं होतं ते फॅब्रिशियस यांनीच. पुढे पॅरिसमध्ये दोघांच्या गाठीभेटी होऊ लागल्या.

याच लात्रेय यांनी 1802 साली लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्यांसाठी झायलोकोपा हा वंश वेगळा केला. आपल्याकडे घराच्या वाशाला, बांबूला गोल भोक पाडून राहणारा भुंगा तो हाच. त्यातल्या भारतात सापडणाऱ्या एका जातीला फॅब्रिशियस यांनी 1798 मध्ये नाव दिलं होतं, तेव्हा झायलोकोपा हे आडनावच नव्हतं. आता ती झायलोकोपा फेनेस्ट्राटा झाली. अशा वेळी पहिलं नाव देणाऱ्याला विसरत नाहीत, फक्त त्याचं आडनाव कंसात टाकतात. म्हणून आग्याच्या नावापुढे फॅब्रिशियस हे कंसाशिवाय दिसतं आणि भुंग्याच्या नावापुढे कंसात दिसतं. कंस दिसला की समजायचं, या जीवाचं आडनाव नंतर बदललंय.

शेवटची वर्षं

1804 साली फॅब्रिशियस यांनी मधमाशा, गांधीलमाश्या आणि मुंग्या यांच्यावर सिस्टेमा पिएझाटोरम हे स्वतंत्र पुस्तक काढलं. तेव्हा ते साठीला आले होते. या काळात त्यांचा बराच मुक्काम पॅरिसला असायचा. दोन्ही मुलगे तिथे डॉक्टरकी शिकले. मुलगी मात्र पॅरिसमध्येच एका अपघातात गेली.

1807 साली इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या. ही बातमी कळताच फॅब्रिशियस पॅरिस सोडून कीलला परतले. पुढच्याच वर्षी, 3 मार्च 1808 रोजी त्यांचं निधन झालं. वय 63 वर्षं.

जाती कायमच्या ठरलेल्या आहेत, असं त्या काळी बहुतेक लोक मानायचे. फॅब्रिशियस मात्र दोन जातींच्या संकरातून नवी जात होऊ शकते, असं मानायचे. डार्विन यांचा जन्म व्हायचा होता, तेव्हाची ही गोष्ट.

एकाच माणसाची दोन नावं भिडली

शास्त्रात नावाचा एक कडक नियम आहे. एकाच जातीला दोन नावं पडली असतील तर आधीचं नाव चालतं. या नियमातून लिनिअससुद्धा सुटले नाहीत. 1758 साली त्यांनी युरोपातल्या मधमाशीला मेलिफेरा, म्हणजे मध वाहून आणणारी, हे नाव दिलं. नंतर त्यांच्या लक्षात आलं की माशी मध आणत नाही, फुलातला रस आणते आणि मध पोळ्यात तयार करते. म्हणून 1761 मध्ये त्यांनी नाव बदलून मेलिफिका केलं, म्हणजे मध करणारी. दुरुस्ती बरोबर होती, पण नियमाने आधीचंच नाव राहिलं. पेटीतली ती माशी आजही मेलिफेराच आहे.

सातेरीचंही असंच झालं. जुन्या पुस्तकांत तिला एपिस इंडिका म्हटलेलं सापडतं. पुढे अभ्यासकांचं मत झालं की चीनची सेराना आणि भारताची इंडिका ही मुळात एकच जात आहे. मग 1793 चं सेराना जुनं म्हणून ते राहिलं आणि 1798 चं इंडिका मागे पडून तिसरा शब्द झालं. एपिस सेराना इंडिका म्हणजे सेराना जातीची भारतातली उपजात. दोन्ही नावं फॅब्रिशियस यांचीच.

आग्या आणि फुलोरीचं आडनावही बदलायचा प्रयत्न झाला. 1904 साली अमेरिकेचे विल्यम अॅशमीड यांनी आग्यासाठी मेगापिस आणि फुलोरीसाठी मायक्रापिस असे वेगळे वंश मांडले. ते वंश म्हणून टिकले नाहीत, दोघी एपिसमध्येच राहिल्या. मात्र हिमालयातली कड्यावरची मोठी माशी, जिला बराच काळ आग्याचाच एक प्रकार समजत होते, तिला 1980 मध्ये अभ्यासकांनी वेगळी जात म्हणून पुन्हा मांडलं. तिचं नाव एपिस लॅबोरिओसा.

सगळ्यात ताजी घडामोड 2022 ची. केरळमधल्या संशोधकांनी पश्चिम घाटातल्या काळसर मधमाशीला एपिस करिंजोडियन ही नवी जात म्हणून जाहीर केलं. गोव्यापासून केरळपर्यंत ती आढळते, असं त्यांनी सांगितलं. पंखावरच्या शिरांची मापं आणि जनुकीय तपासणी यांचा आधार त्यांनी घेतला. त्याच वेळी इंडिका ही सेरानाची उपजात नसून स्वतंत्र जातच आहे, असंही त्यांनी मांडलं. म्हणजे फॅब्रिशियस यांचं 1798 चं म्हणणं 224 वर्षांनी पुन्हा उभं राहिलं. सगळ्या शास्त्रज्ञांनी हे अजून एकमुखाने मान्य केलेलं नाही.

नाव चुकलं तर काय होतं

हा वाद नुसता पुस्तकी वाटू शकतो. पण नावाची चूक मधपाळाला महागात पडते. मधमाशांच्या अंगावर बसणारा व्हरोआ हा लालसर गोचीडासारखा जीव याचं मोठं उदाहरण आहे. 1904 साली जावा बेटावर सातेरीच्या नात्यातल्या माशीवर तो सापडला आणि त्याला व्हरोआ जेकबसोनी नाव मिळालं. पुढे जगभर मेलिफेराच्या पेट्या ज्याने रिकाम्या केल्या, त्यालाही हेच नाव लावलं जात होतं. 2000 साली कळलं की नुकसान करणारा जीव वेगळीच जात आहे. त्याचं नाव मग व्हरोआ डिस्ट्रक्टर ठेवलं. तोपर्यंत शत्रू समजून वेगळ्याच जीवाच्या नावाने अभ्यास छापले जात होते.

दुसरं उदाहरण घरचं आहे. 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूच्या रोगाने सातेरीच्या पेट्याच्या पेट्या संपल्या. अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन मरत. मेलिफेराला या रोगाचा तसा फटका बसला नाही. कोणती माशी आहे त्यावर कोणता रोग येणार, हे ठरतं.

धडगावच्या शेतकऱ्यासाठीही हाच मुद्दा आहे. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळं करतात, त्या पेटीत राहत नाहीत. पेटीत राहतात त्या सातेरी आणि मेलिफेरा. मेलिफेरा परदेशातून आणलेली, 1962 साली कांगड्यातल्या नगरोटा बगवान इथून तिचा भारतात जम बसला. ती मध जास्त देते, पण तिला फुलोरा सतत लागतो, नाहीतर पेट्या उचलून दुसरीकडे न्याव्या लागतात. सातेरी मध कमी देते, पण डोंगरातली, इथल्याच झाडाफुलांवर वाढलेली आहे. इंडिका खरोखर वेगळी जात ठरली, तर लांबच्या प्रदेशातून सातेरी म्हणून आणलेल्या पेट्यांबाबतही विचार करावा लागेल. बाहेरची राणी आणि इथली माशी यांची सरमिसळ झाली तर मूळची माशी हरवण्याचा धोका आहे.

म्हणून पेटी घेताना आत सातेरी आहे की मेलिफेरा आणि ती कुठल्या भागातून आणली, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. आग्याचा मध काढताना मोहोळ जाळून टाकण्याची जुनी पद्धतही सोडायला हवी. मधाचा भाग तेवढा कापून अळ्यांचा भाग तसाच ठेवला तर माशी टिकते आणि मोहर धरायला तिची मदत होते. आमचूरवर घर चालवणाऱ्या तालुक्याला हे वेगळं सांगायला नको.

फॅब्रिशियस यांनी नाव दिलेल्या माशांपैकी काहींची नावं बदलली, काहींची कंसात गेली, काही तशीच राहिली. आग्या आणि फुलोरी यांच्यापुढे त्यांचं आडनाव आजही कंसाशिवाय आहे. सातेरीचा निकाल लागायचा आहे. त्यासाठी सातपुड्यातल्या सातेरीचीही मापं घेतली जाणं, जनुकीय तपासणी होणं गरजेचं आहे. केरळच्या माशीची ओळख केरळच्या लोकांनी पटवली. इथल्या ढोलीतली माशी नेमकी कोण, हे शोधायला सातपुड्यातल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना दूर जायची गरज नाही.